तू शिकली होतीस, एस्तेर

एस्तेर, परवा तुझ्या स्मरणसभेत सांगण्यात आलं की तुला कोणी शिकवलंच नव्हतं.

पाळकसाहेब बोलत होते. तरुण आहेत, माणूस चांगला आहे, तुमच्या चर्चमध्ये येऊन त्यांना दोन वर्षंही झाली नाहीत. हातातल्या कागदावरून त्यांनी वाचलं, "एस्तेरबाईंनी संगीताचं कसलंही शिक्षण घेतलं नव्हतं. गुरू नाही, शाळा नाही. केवळ देवाच्या देणगीवर त्यांनी चाळीस वर्षं इथे ऑर्गन वाजवला आणि परळ-लालबागच्या कितीतरी मुलांना कीबोर्ड शिकवला." लोकांनी कौतुकाने माना हलवल्या. पुढच्या बाकावर तुझी भाची प्रिस्का रडत होती, तिनेही हलवली. मी पार मागे खांबाजवळ बसलो होतो. माझी मान हलली नाही.

देणगी म्हणे. बारा वर्षं तू आमच्या दुकानात पितळ घासत होतीस. तुझ्या नखांत काळं साचलेलं असायचं आणि शाळेतल्या बाई हात पुढे करायला सांगून पट्टी मारायच्या. ती देणगी कोणाची होती?

तू असतीस तर म्हणाली असतीस, "सोड ना गजा. गेलेल्या माणसाबद्दल लोक काहीही गोड बोलतात." नाही सोडणार. आयुष्यभर तुझं ऐकलं नाही, आता कशाला ऐकू?

जे त्या दिवशी चर्चमध्ये होते त्यातल्या फार थोड्यांना आमचं दुकान ठाऊक असेल. लालबागात मसाला कुटायच्या डंकांना लागून दहा बाय बाराची खोली. माझे बाबा मालवणकडचे. आधी मिलमध्ये सुतारकाम करायचे, मग पेट्या दुरुस्त करायला लागले. तेव्हा चाळीगणिक भजनी मंडळ होतं आणि मंडळागणिक पेटी. कामाला तोटा नव्हता. तुझे वडील डिलाईल रोडला राहायचे, मिलमध्ये विणकर. तुमच्या चाळीत ख्रिस्ती कुटुंबं सात-आठ, त्यांची प्रार्थनेची एक पेटी होती. ती खांद्यावर घेऊन ते आले आणि त्यांच्या मागे तू. अकरा वर्षांची, दोन वेण्या, डंकावरच्या मिरचीने शिंकत.

चार दिवसांनी तुम्ही पेटी न्यायला आलात. बाबांनी सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवून दाखवला. तुझे वडील उठले, आणि तू म्हणालीस, "काका, हा सूर हलतोय."

"खंयचो?" बाबांनी विचारलं.

तू एका काळ्या पट्टीवर बोट ठेवलंस. बाबांनी भाता ओढला, कान पेटीला लावला, बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण ती पेटी मी तपासली होती. मी बारा वर्षांचा होतो आणि दोन वर्षं त्यांच्याकडे शिकत होतो.

"पोरगी रोज शाळा सुटल्यार येऊंदे हंय," बाबा तुझ्या वडिलांना म्हणाले. वडिलांना वाटलं, काहीतरी मोडलं म्हणून कामाला ठेवतायत. त्यांनी माफी मागितली. बाबा हसले.

तीन महिने बाबांनी तुला एकही गाणं वाजवू दिलं नाही. "पयला आयक, मगे हात लाव," एवढंच सांगायचे. पेटीत प्रत्येक सुराला पितळेच्या दोन पातळ जिभा असतात. दोन्ही एकाच सुरात असल्या तर आवाज सरळ येतो. जराशा वेगळ्या असल्या तर आवाजात लाट उठते. तू डोळे मिटून लाटा मोजायचीस. कानस जिभेच्या टोकाला लावली की सूर चढतो, मुळाशी लावली की उतरतो, आणि एक घासा जास्त बसला की जीभ फुकट. सकाळभर शेजारचे डंक दणदणत असायचे, त्यात काही ऐकू यायचं नाही. एक ते तीन डंकवाले जेवायला बसायचे. सूर लावायचं काम त्या दोन तासांतच व्हायचं, म्हणून तू सकाळच्या शाळेतून तशीच धावत यायचीस आणि तीन वाजल्यानंतर जेवायचीस. पहिल्या वर्षी तू किती जिभा खराब केल्यास ते मोजणं बाबांनी सोडून दिलं होतं. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. नवी जीभ पुढे सरकवायचे, बस.

माझ्यावर चढवायचे. माझा कान बरा होता. तुझा कान कसा होता हे बाबांनी मला एकदाच सांगितलं. मी जेवत होतो. "गजा, तुझे हात माझे आसत. कान तिचो आसा." मी ताटावरून उठलो नाही, ताट पुसून संपवलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मग खरात मास्तर. तुमच्या चर्चचे ऑर्गन वाजवणारे, पांढरा शर्ट, पांढरी पॅंट, रविवारी टाय. तू पंधरा वर्षांची असताना त्यांनी तुला पानं उलटायला उभं केलं. तू रविवारची गाणी आमच्या दुकानात येऊन कानाने वाजवून दाखवायचीस. ते मास्तरांना कळलं आणि त्यांनी तुला एकदा बाकावर बसवून वाजवायला लावलं. तू आलीस ती डोळे लाल करून.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"म्हणाले, हे पेटीवाल्यांचे हात आहेत. उजवा राजा आणि डावा हमाल."

बरोबरच होतं त्यांचं. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, त्याच्या बोटांना वाजवायची सवय नसते. चर्चच्या ऑर्गनला वारा पायाने भरतात, दोन्ही हात मोकळे, आणि डाव्याला उजव्याइतकंच काम. बाबा रागावतील असं मला वाटलं होतं. ते उठले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या ऑर्गनवरचा गोणपाट काढला. गिरगावातल्या एका नाटक कंपनीचा तो पायाचा ऑर्गन दुरुस्तीला आला होता, मग कंपनीच बंद पडली आणि न्यायला कोणी आलं नाही. "मास्तर खरां बोलतत," बाबा म्हणाले. "ह्याच्यार बस. उजवो हात मांडीखाली घाल."

दोन वर्षं तू उजवा हात मांडीखाली घालून बसलीस. डाव्या हाताने केस विंचरायचीस, डाव्या हाताने वही लिहायचीस, बसच्या दांड्यावर डाव्याची बोटं नाचवायचीस. मी तुला चिडवायचो. दोन वर्षांनी मास्तरांनी तुला पुन्हा बसवलं आणि त्यांची स्टाफ नोटेशनची वही तुझ्यासमोर उघडली. पाच रेघांवरचे ते ठिपके वाचायला त्यांनी तुला शिकवलं, दर शनिवारी, चर्चच्या मागच्या खोलीत, आणि चूक झाली की पेन्सिलीने टेबलावर टकटक करत. आमच्या बाबांना ते कधी भेटले नाहीत. बाबा कधी चर्चच्या आत गेले नाहीत. पण मास्तर काय शिकवतायत ते बाबा रोज विचारायचे, आणि बाबांनी काय सांगितलं ते, तूच सांगायचीस, मास्तरही विचारायचे. दोघांनी मिळून तुला घडवलं आणि दोघांना एकमेकांचा चेहरा माहीत नव्हता.

आता ते सांगतो, जे मला सांगायचं नाही.

बाबा गेले तेव्हा मिलच्या संपाला दुसरं वर्ष लागलं होतं. माणसं गावाला निघून जात होती, मंडळं बंद पडत होती, पेट्या येईनाशा झाल्या होत्या. दुकान माझ्या नावावर आलं. तू मात्र रोज येत होतीस. तुझ्या वडिलांची नोकरी गेली होती, घरात तुझ्या शिवणकामावर चाललं होतं, तरी दुपारी एक ते तीन तू दुकानात. जी चार गिऱ्हाइकं यायची ती पायरीवरूनच विचारायची, "एस्तेर आहे ना?" एक दादरचे गवई होते, वयस्कर. मी सूर लावून दिलेली पेटी त्यांनी परत आणली. माझ्याशी फार सौम्य बोलले. म्हणाले, "हिला जरा त्या मुलीचा हात लागू दे."

त्या दिवशी डंक सुरू व्हायच्या आधी मी तुला म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस. लोक बोलतात."

"कोण लोक?"

"सगळेच. तुझं लग्न व्हायचंय, माझं व्हायचंय. एका खोलीत आपण दोघं बसतो, बरं दिसत नाही."

"बाबा असताना बरं दिसत होतं?"

तू फडक्याने हात पुसलेस, मग बाकावरचा पितळेचा कीस पुसलास, चपला घातल्यास. पायरीवरून वळून म्हणालीस, "दादरवाल्यांच्या पेटीत मध्यमाला कानस लावू नकोस. जीभ पातळ झालीय, तुटेल." आणि गेलीस.

मी लावली. तुटली.

लोक कोणी बोलत नव्हते, एस्तेर. एकही माणूस बोलला नव्हता. मला तुझा कान सहन होत नव्हता, एवढंच होतं. दुकान माझं, आडनाव माझं, बाप माझा, आणि लोक दारात उभे राहून तुझं नाव घेत होते. पुढची अकरा वर्षं, आपण पुन्हा भेटेपर्यंत, मी स्वतःलाही लोकांचंच कारण सांगितलं. माझ्या बायकोलाही तेच सांगितलं. ती परवापर्यंत तेच खरं धरून चालली होती.

त्या अकरा वर्षांत तू काय केलंस ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. खरात मास्तर थकले आणि ऑर्गनवर तू बसलीस. एक बाई बसणार म्हणून कमिटीत कुरबूर झाली, मास्तरांनी ती मिटवली. परदेशी बोर्डाच्या संगीत परीक्षेला बसलीस. पहिल्या खेपेला नापास झालीस, कारण समोर ठेवलेलं नवं नोटेशन तू वाचण्याऐवजी अंदाजाने वाजवलंस आणि तुझा अंदाज मूळ चालीपेक्षा चांगला होता, असं तूच नंतर सांगायचीस. दुसऱ्या खेपेला पास झालीस. घरच्या खोलीत खाटेवर कीबोर्ड ठेवून क्लास सुरू केलास. मिल गेलेल्या घरांतली मुलं यायची. लाईट गेले तर तू त्यांना टेबलावर बोटं चालवायला लावायचीस.

मग एका दुपारी तू दुकानाच्या पायरीखाली उभी दिसलीस. वर आली नाहीस.

"काम आहे," तू म्हणालीस. "चर्चचा ऑर्गन मेलाय. उंदरांनी भाता खाल्ला. कमिटी म्हणते भंगारात द्या, इलेक्ट्रॉनिक आणू."

"मग?"

"मी त्यांच्याकडून चार महिने मागून घेतलेत."

"तसल्या ऑर्गनचं काम मी कधी केलं नाहीये, एस्तेर."

"तू करशील असं कुठे म्हटलं मी? मी करणार आहे. तू सुतारकाम बघ."

मी दुकान बंद करून तुझ्याबरोबर निघालो. किल्ली मी दोनदा कुलपात उलटी घातली हे तू बघितलंस आणि बघितलं नाही असं दाखवलंस. त्याबद्दल तुझे आभार मी आत्ता मानतो.

ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. दर शनिवारी दुपारी मागची खोली, तू, मी आणि उघडा पडलेला तो ऑर्गन. आमची पेटी वारा बाहेर ढकलते, तो ऑर्गन वारा आत ओढतो. हे तू मला समजावलंस तेव्हा तू थेट बाबांसारखी बोलत होतीस, थांबून थांबून, माझ्याकडे न बघता. भात्यासाठी जाड कापड आपण हिंदमाताला दुकानं पालथी घालून आणलं. चादरीसाठी का, असं दुकानदाराने विचारलं. तू म्हणालीस, "फुफ्फुसासाठी." त्याला टायरवाल्याकडचं रबराचं सोल्यूशन लावून आपण ते गच्चीवर वाळवलं. सगळ्या जिभा तू एकटीने साफ केल्यास. मला एकीलाही हात लावू दिला नाहीस, आणि मीही मागितला नाही.

तिथेच एका शनिवारी तू सहज म्हणालीस, "परीक्षेच्या फॉर्मवर शिक्षकाचं नाव लिहायचं असतं. मी बाबांचं लिहिलं."

"बाबांचं? ते तर तेव्हा..."

"गेले होते. फॉर्मवर जिवंत शिक्षक लिहा असं नव्हतं. खरात मास्तरांना विचारलं, दोन नावं चालतील का. ते म्हणाले, एकच रकाना आहे, त्यांचंच लिही, त्यांनी तुला आधी ऐकायला शिकवलं."

मी करवत खाली ठेवली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

आणि आपलं ते भांडण, जे मिटलंच नाही. कीबोर्डचा गांधार चढा असतो. मला तो आजही टोचतो. बाबा गवयाच्या पट्टीला सूर लावायचे तेव्हा गांधार केसभर खाली ठेवायचे, मग तो असा बसायचा की बाहेर जाणारा माणूस थांबावा. तू चर्चच्या ऑर्गनला सगळे सूर सारख्या अंतरावर लावत होतीस.

"बाबांनी हे शिकवलं का तुला?" मी म्हटलं.

"बाबांकडे एक गवई, एक पट्टी. माझ्याकडे चार आवाजांत गाणारे साठ लोक, आणि प्रत्येक गाणं वेगळ्या पट्टीत. एकेक पट्टी म्हणजे एकेक घर. एका घरात सूर अगदी बरोबर बसवला की दुसऱ्या घरात बोंबाबोंब होते. सगळ्यांनी थोडं थोडं सोसलं की सगळी घरं नांदतात."

"म्हणजे एकही घर धड सुखी नाही."

"चाळीत असंच राहतात, गजा."

तीस वर्षं आपण हे भांडलो. मी अजूनही माझ्या जागेवर आहे. तुझा गांधार चढा होता.

शेवटच्या शनिवारी ऑर्गन बोलला. तू वीसेक मिनिटं वाजवलंस, मी भिंतीला टेकून ऐकलं. झाकण लावून तू विचारलंस, "गजा, तुला काही बोलायचंय?"

संधी समोर होती. मी म्हटलं, "डाव्या पेडलचा पट्टा दोन महिन्यांनी ताणून घे. नवा आहे, सैल पडेल."

"बरं," तू म्हणालीस.

त्यानंतर तू दुकानात यायला लागलीस, मी चर्चमध्ये यायला लागलो. पट्टा ताणायच्या निमित्ताने मी किती रविवार मागच्या बाकावर बसलो असेन. आमच्या आळीत काहींनी विचारलं, "तिकडे कशाला जातोस रे?" तुझ्या चर्चमध्ये काहींनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?" तू सांगायचीस, "ऑर्गनचे डॉक्टर." माझा बाप तुझा गुरू, हे मात्र तू कधी सांगितलं नाहीस. मला ते लागायचं. पण मी कोणत्या तोंडाने विचारणार होतो?

तुझा क्लास वाढला. लोअर परळच्या टॉवरमधली मुलं यायला लागली, मोबाईलवर बघून दोन गाणी वाजवणारी. तू त्यांना पहिला महिना कीबोर्ड उघडूच द्यायची नाहीस. आया चिडायच्या. "टीचर, वाजवायला कधी शिकवणार?" तू म्हणायचीस, "ऐकायला आलं की." अर्धी मुलं सोडून जायची. जी राहिली ती परवा चर्चमध्ये भिंतीला लागून उभी होती, काहींच्या कडेवर त्यांची मुलं.

गेल्या महिन्यात परळच्या हॉस्पिटलात मी रोज यायचो. तुला बोलताना धाप लागायची, तरी गांधारावरून एकदा बोलून झालंच. दुसऱ्या दिवशी तू स्वतःहून विषय काढलास.

"बाबांचं नाव मी चर्चमध्ये कधी घेतलं नाही. भजनी पेटीवाल्याकडे शिकले म्हटलं असतं तर तेव्हा ऑर्गनवर बसू दिलं नसतं. नंतर बसले, तेव्हा कोणी विचारलं नाही. मग राहून गेलं." तू पाण्याचा घोट घेतलास. "ते माझं चुकलं, गजा."

"मी सांगेन सगळ्यांना," मी म्हटलं.

"सांग." श्वास घेऊन तू पुढे म्हणालीस, "पण सगळं सांग."

'सगळं' म्हणताना तू छताकडे बघत होतीस. म्हणजे तुला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार, एवढा कान ज्याला आहे त्याला माझ्या आवाजातली लाट कळली नसेल का? मी तेव्हाही बोलायला तोंड उघडलं. नर्स आली, तिने मला बाहेर जायला सांगितलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सगळ्यात येतं, म्हणून लिहितोय. चार दिवसांनी सकाळी प्रिस्काचा फोन आला, तू गेल्याचा.

तर परवा पाळकसाहेबांनी तो कागद घडी करून ठेवला, आणि मी उठलो. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. चर्चचे सेक्रेटरी लगबगीने आले, माझ्या कोपराला हात लावून म्हणाले, "काका, कार्यक्रम झाल्यावर बोलू."

"झाल्यावर कोण ऐकणार?" मी म्हटलं, आणि तिथूनच बोललो, मागच्या बाकावरून, माईक नसताना. म्हटलं, एस्तेरला माझ्या बापाने शिकवलं. लालबागात, पेट्यांच्या दुकानात, बारा वर्षं. तो चर्चमध्ये कधी आला नाही, तो रोज विठ्ठलाचं भजन म्हणायचा. तुमच्या खरात मास्तरांनी शिकवलं, आठ वर्षं, शनिवारी. आणि ती शिकली. परीक्षेत नापास होऊन, पुन्हा बसून शिकली. मग मी पाळकसाहेबांकडे बघून म्हटलं, "आणि माझ्या बापाच्या दुकानातून तिला मी हाकललं. कारण तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं. तिला काय कारण सांगितलं ते खोटं होतं."

एक गृहस्थ उठले, तुमच्या कमिटीतले, जुने. म्हणाले, "म्हणजे ती देवाची देणगी नव्हती असं तुमचं म्हणणं आहे?"

"कान देवाने दिला असेल," मी म्हटलं. "माझ्या देवाने की तुमच्या, ते त्या दोघांनी ठरवावं. पण डावा हात तिने स्वतः कमावला. मी समोर बसून बघितलाय."

मग मी बसलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "एवढ्या लोकांसमोर कशाला? माझ्याशी बोलला असतात." तिचंही बरोबर आहे. दोन दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलतेय.

पाळकसाहेब काल दुकानात आले. पायरी चढून आत बसले, चहा घेतला. म्हणाले, "मला हे कोणी सांगितलं नव्हतं. चूक झाली. येत्या रविवारच्या पत्रकात आपण दुरुस्ती छापू." भला माणूस. पण मजकूर सेक्रेटरींनी तयार केला आणि फोनवर पाठवला. त्यात लिहिलं होतं, 'लालबागमधील एका वाद्य कारागिराकडून त्यांना प्रेरणा मिळाली.' मी 'प्रेरणा मिळाली' खोडून 'शिकल्या' लिहिलं, बाबांचं आणि खरात मास्तरांचं नाव घातलं आणि खाली एक ओळ जोडली, की तुला दुकानातून मी हाकललं. दुसऱ्यांदा आलं, 'यांचे मार्गदर्शन लाभले.' पुन्हा खोडलं, 'शिकल्या' लिहिलं. तिसऱ्यांदा 'शिकल्या' राहिलं होतं, पण खालची माझी ओळ गेली होती. मी फोन केला.

"काका, त्यात तुमचंच नाव खराब होतं," सेक्रेटरी म्हणाले. "कशाला उगाच? लोक विसरून जातील."

"विसरू नयेत म्हणूनच लिहिलंय."

"पण पत्रकात जागा कमी आहे."

"मग ती 'देवाच्या देणगी'ची ओळ काढा. त्या जागेत मावेल."

ते म्हणाले, कमिटीला विचारून सांगतो. आज शनिवार. अजून काही कळवलेलं नाही.

त्यांनी नाही छापलं तर हे सगळं मी हाताने उतरवून काढणार आहे आणि चर्चच्या दारात उभा राहून वाटणार आहे. माझं अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं. उद्या सकाळी पहिली घंटा व्हायच्या आत मी तिथे असेन, एस्तेर. पत्रक हातात घेऊन आधी तुझ्या गुरूंची नावं बघेन, मग माझी ओळ बघेन. दोन्ही असतील तर गप्प बसून उपासना ऐकेन. नसतील तर पुन्हा उभा राहीन.